किल्ली हरवलेले दप्तर

जुन्नरहून पश्चिमेकडे घाटघरची वाट धरली की सुमारे तीस किलोमीटरवर नाणेघाट लागतो. कोकणातील बंदरांवरून देशावर चढणाऱ्या मालाची ही सातवाहनकालीन वाट. घाटमाथ्याजवळच्या लेण्यात डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. राणी नागनिकेच्या नावाशी जोडलेल्या या लेखात यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी आहे: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण. मागच्या भिंतीवर एकेकाळी राजघराण्यातील माणसांच्या मूर्ती होत्या. आज त्या नाहीत. पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. मात्र वर कोरलेली नावे शाबूत आहेत. सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी अशी नावे वाचता येतात आणि खाली मोकळा दगड दिसतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हा लेख सातवाहनांच्या कालनिर्णयासाठी किंवा त्यातल्या अंकचिन्हांसाठी ठाऊक असतो. मला मात्र त्याची एक वेगळी बाजू महत्त्वाची वाटते. कर्नल विल्यम साइक्स यांनी १८२८ साली हे लेणे पाहिले आणि लेखाची नक्कल डोळ्यांनी पाहून उतरवली. त्या दिवशी अक्षरे भिंतीवर होती, उजेडही होता, आणि उतरवून घेणारा माणूस समोर उभा होता. पण त्यातले एक अक्षरही जगात कुणाला वाचता येत नव्हते. १८३७ साली कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मीची उकल केली, १८७६ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नाणेघाटातील अंकांवर निबंध लिहिला आणि १८८३ मध्ये गेओर्ग ब्यूलर यांनी लेखाचे सविस्तर वाचन प्रसिद्ध केले. म्हणजे या सगळ्या काळात मजकूर हरवलेला नव्हता. हरवली होती ती वाचनाची किल्ली.

मजकूर नष्ट होणे आणि मजकुराची किल्ली हरवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्यांची नेहमी गल्लत करतो. मोडी कागदांच्या बाबतीत तेच होते. घरातल्या फडताळात पणजोबांचे कागद नीट बांधलेले असतात, वाचणारे कुणी नसते, म्हणून ते ‘गेले’ असे समजून टाकून दिले जातात. गेल्या दोन वर्षांत हीच गोष्ट एका जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कच्या निमित्ताने मला फार जवळून पाहायला मिळाली. तिची हकीकत आणि त्यामागचा इतिहास येथे मांडतो.

बुडालेल्या गावाचे टिपण

आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठाणे घोडेगाव आहे. तालुक्याला ज्याने नाव दिले ते आंबेगाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. घोड नदीवरचे हे धरण कुकडी प्रकल्पातले. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशा पाच धरणांचा हा प्रकल्प. जुन्नर, आंबेगाव, शिरूरपासून पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, करमाळ्यापर्यंतची शेती त्याने भिजते. डिंभे धरण २००० साली पूर्ण झाले. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. परदेशी कापडाच्या मोटारीखाली १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत प्राण देणारा हा गिरणी कामगार याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या गावाच्या खुणा वर येतात आणि पाऊस पडला की पुन्हा बुडतात.

या परिसरातल्या एका प्राथमिक शिक्षकांनी निवृत्तीनंतर, १९९५ पासून पुढची चारेक वर्षे, उठून गेलेल्या कुटुंबांकडे जाऊन आठवणी टिपून घेतल्या. वावरांची नावे, पाणवठे, कुठल्या देवाला पहिला नैवेद्य कुणाचा, हिरडा कसा वाळवायचा आणि कुठल्या मापाने विकायचा, भात-नाचणीची खळी कुठे असत, असा तो ऐवज. आधी वह्या झाल्या. मग त्यांनी एक संगणक विकत घेतला आणि वह्यांतला मजकूर स्वतः, एकेका बोटाने टाइप करून, त्यात उतरवला. स्मरणिका काढायचा बेत होता. पैशांअभावी तो राहिला. पुढे गुरुजी गेले. वह्या वाळवीने खाल्ल्या. संगणक माळ्यावर गेला, तो वीस वर्षांहून अधिक काळ तिथेच होता. त्यांच्या कन्येने मला निरोप पाठवला तेव्हा त्या सगळ्या आठवणींची पृथ्वीतलावर एकच प्रत उरली होती, आणि ती त्या खोक्यात होती.

नारायणगावात जुनी यंत्रे दुरुस्त करणारे एक कारागीर माझ्या ओळखीचे आहेत. त्यांनी खोके उघडून धूळ काढली, पॉवर सप्लाय वेगळा तपासला आणि मगच वीज दिली. डिस्क फिरू लागल्याचा आवाज आला. पडद्यावर मात्र सूचना आली, की सीमॉसमधली बेरीज जुळत नाही. यंत्राने दाखवलेली तारीख होती मंगळवार, १ जानेवारी १९८०.

पन्नास बाइटांची आठवण

ही तारीख कुठून आली, हे समजून घेतले की बराचसा उलगडा होतो. ऑगस्ट १९८४ मध्ये आयबीएमने ‘पीसी-एटी’ हा संगणक बाजारात आणला. त्यात मोटोरोलाची एक लहानशी चिप होती. तिच्यात एक घड्याळ आणि एकूण ६४ बाइट इतकी स्मृती. त्यातले १४ बाइट घड्याळाला लागत. उरलेल्या ५० बाइटांत संगणक स्वतःविषयीची माहिती ठेवत असे: फ्लॉपी कोणती, मेमरी किती, हार्ड डिस्क कशा जातीची. वीज बंद असताना ही स्मृती एका छोट्या बॅटरीवर जिवंत राहते. हिलाच सीमॉस म्हणतात. संगणक सुरू होताना पहिल्यांदा जागा होणारा मूळ कार्यक्रम, म्हणजे बायोस, हे टिपण वाचतो आणि त्यावरून समोर काय जोडलेले आहे ते ठरवतो. बॅटरी संपली की टिपण पुसले जाते. तारीखही जाते, आणि डॉसच्या लेखी काळ १ जानेवारी १९८० पासून सुरू होत असल्यामुळे तोच दिवस पडद्यावर दिसतो.

या यंत्रात तीन व्होल्टचा बटणासारखा सेल होता. तसलाच नवा सेल जुन्नरच्या बाजारात घड्याळवाल्याकडे मिळाला. पण सेल बदलला म्हणून गेलेली आठवण परत येत नाही. नवे टिपण टिकेल एवढीच हमी मिळते. त्यात काय लिहायचे ते माणसालाच सांगावे लागते.

सांगायचे काय, तर डिस्कचा नकाशा. हार्ड डिस्क म्हणजे एकाच आसावर फिरणाऱ्या चकत्यांची चळत. प्रत्येक पृष्ठावर वाचणारे एक हेड असते. चकतीवर एकात एक वर्तुळे असतात. सगळ्या चकत्यांवरची एकाखाली एक येणारी वर्तुळे मिळून एक सिलिंडर. आणि प्रत्येक वर्तुळाचे तुकडे म्हणजे सेक्टर, एकेकात ५१२ बाइट. सिलिंडर, हेड, सेक्टर हे तीन आकडे सांगितले की डिस्कवरची कुठलीही जागा सापडते. गाव, आळी, घर क्रमांक असा पत्ता असतो, तसाच हा पत्ता.

आमच्या डिस्कच्या चिठ्ठीवर १०४८ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर असे छापलेले होते. गुणाकार केला तर १०,५६,३८४ सेक्टर, म्हणजे सुमारे ५४ कोटी बाइट. चिठ्ठीवरचे आकडे बायोसमध्ये भरले की काम झाले, असे कुणालाही वाटेल. खरी मेख पुढे आहे.

बायोसची पत्ता लिहिण्याची जुनी पद्धत सिलिंडरसाठी जास्तीत जास्त १०२४ इतकाच आकडा लिहू देते. डिस्क जोडण्याच्या त्या काळच्या पद्धतीत हेडसाठी १६ पर्यंतच जागा आहे. दोघांच्या मर्यादा एकत्र धरल्या तर १०२४, १६ आणि ६३ यांच्यापलीकडे जाता येत नाही. हे होतात ५२,८४,८२,३०४ बाइट. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत एवढी जागा घरगुती संगणकाला अफाट वाटे. लवकरच त्याहून मोठ्या डिस्क स्वस्तात मिळू लागल्या. तेव्हा बायोस लिहिणाऱ्यांनी एक तोड काढली. सिलिंडर निम्मे दाखवायचे आणि हेड दुप्पट. १०४८ आणि १६ च्या ऐवजी ५२४ आणि ३२. गुणाकार तोच राहतो, १०,५६,३८४. पण सिलिंडरचा आकडा १०२४ च्या आत येतो. बायोस मनातल्या मनात भाषांतर करतो आणि डॉसला ही काल्पनिक डिस्क खरी म्हणून दाखवतो. १९९४-९५ च्या सुमाराच्या बायोसमध्ये यासाठी ‘नॉर्मल’, ‘लार्ज’ आणि ‘एलबीए’ असे तीन पर्याय दिसतात.

गुरुजींना यंत्र विकणाऱ्याने त्या दिवशी यांतला कोणता पर्याय निवडला, हे फक्त त्या पन्नास बाइटांना ठाऊक होते. आणि ते पुसले गेले होते.

नावे दिसतात, मजकूर नाही

आजच्या लॅपटॉपला जोडून ही डिस्क वाचावी, हा सरळ मार्ग कारागिरांनी आधी करून पाहिला. पण मधल्या जोडणीने इतकी जुनी डिस्क ओळखलीच नाही. तेव्हा तिच्या जुन्या घरातच तिला बोलते करणे भाग होते. कारागिरांचा एक नियम होता आणि तो कुणीही लक्षात ठेवावा असा आहे: डिस्कवर काहीही लिहायचे नाही. दुरुस्ती करणारी आज्ञा द्यायची नाही, फॉरमॅट तर स्वप्नातही नाही. चुकीचा नकाशा हातात असताना नुसते वाचले तर फार तर काही सापडत नाही. त्याच नकाशावर विसंबून लिहिले, तर दुसऱ्याच कुणाच्या घरावर नांगर फिरतो.

बाहेरून फ्लॉपीवर डॉस घेऊन संगणक सुरू केला. बायोसने आपल्या बुद्धीने ‘नॉर्मल’ पर्याय धरला होता. डिस्कवरच्या फाइलींची यादी मागितली आणि यादी आली. आंबेगाव, डिंभे, हिरडा, पाणवठा, सगळी आठ-आठ रोमन अक्षरांत कोंबलेली नावे, पुढे तारखा आणि आकार. गुरुजींच्या कन्येने ती एकेक वाचून दाखवली. मग एक फाइल उघडायला सांगितली. यंत्राने डिस्क वाचता येत नसल्याचे कळवले. दुसरी उघडली, तेच.

नाणेघाटातल्या त्या मागच्या भिंतीची आठवण मला तेव्हा झाली. पण इथे कारण अगदी नेमके सांगता येते. डिस्कची सुरुवात दोन्ही नकाशांत एकच असते. सोळा हेड असोत की बत्तीस, पहिल्या सोळा हेडांपर्यंतचे, म्हणजे १६ गुणिले ६३ मिळून १००८ सेक्टरांचे पत्ते जुळतात. फाइलींच्या नावांची मुख्य यादी या पहिल्या टापूत असते, म्हणून ती दिसली. त्यापुढे दोन्ही नकाशांच्या वाटा फुटतात. डॉस सतराव्या हेडचा पत्ता मागतो आणि बायोस म्हणतो, माझ्याकडे सोळाच आहेत. मजकूर जागच्या जागी असतो. पत्ता विचारणारा आणि सांगणारा यांची भाषा जुळत नाही.

मग खरा पर्याय ओळखायचा कसा? तिन्ही आलटून पालटून पाहता आले असते. पण ‘लार्ज’ आणि ‘एलबीए’ यांचे भाषांतराचे नियम निरनिराळ्या बायोसमध्ये निरनिराळे असत, आणि एवढी जुनी डिस्क प्रत्येक फेरीला तग धरील याची खात्री नव्हती. कारागिरांनी त्याऐवजी डिस्कलाच विचारले. डॉसने फॉरमॅट केलेल्या विभागाच्या पहिल्याच सेक्टरमध्ये काही आकडे नोंदलेले असतात. फॉरमॅट करताना एका वर्तुळात किती सेक्टर मानले आणि किती हेड मानले, ते त्यांत येतात. हा सेक्टर डिस्कच्या आरंभीच असल्याने चुकीच्या नकाशातही वाचता येतो. तो पडद्यावर उलगडला. सोळाच्या पटीतल्या अंकलेखनात चार बाइट दिसले: ३एफ ०० २० ००. म्हणजे ६३ आणि ३२. शेवटी ५५ एए ही नेहमीची खूणही जागेवर होती.

बत्तीस हेड. भाषांतराचा नकाशा. बायोसमध्ये ‘एलबीए’ निवडले, ५२४, ३२, ६३ हे आकडे आल्याची खात्री केली आणि यंत्र पुन्हा सुरू केले. या वेळी फाइली उघडल्या. काही सेक्टर वयोमानाने कायमचे गेले होते. त्यांत अडकलेल्या काही फाइलींची नावेच तेवढी उरली आहेत. बाकीचा सगळा मजकूर तीन फ्लॉप्यांवर मावला.

किल्ली कुलपाच्या आतच लिहून ठेवलेली होती. दप्तर तयार करणाऱ्या यंत्रणेने स्वतःची मापे स्वतःच्या पहिल्या पानावर नोंदवली, म्हणून ते वाचले. नुसत्या सीमॉसच्या आठवणीवर सगळे सोपवलेले असते, तर आम्ही अंदाजच बांधत बसलो असतो.

दानं आणि व्हतं

फाइली उघडल्या, पण आत मराठी नव्हते. रोमन अक्षरे, विरामचिन्हे आणि काही विचित्र खुणा यांची खिचडी होती. ज्यांनी १९९० च्या दशकात मराठी छपाईचे काम केले आहे त्यांना हे दृश्य नवे नाही.

संगणकावर भारतीय लिप्या आणण्याचे काम आयआयटी कानपूरमध्ये सुरू झाले आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये ते पुढे गेले. भारतीय लिप्यांसाठी एक समान संकेतप्रणाली असावी म्हणून ‘इस्की’ तयार झाली; १९९१ मध्ये तिला भारतीय मानक १३१९४ म्हणून मान्यता मिळाली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातल्या देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या, आराखड्यावरून घेतली गेली. मानक असे वेळेवर तयार होते. पण गावोगावच्या डीटीपीवाल्यांनी, वृत्तपत्रांनी आणि गुरुजींसारख्या हौशी माणसांनी वापरले ते निरनिराळ्या फाँटांचे संच. त्यांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. ‘क’ नावाचे अक्षर यंत्राला ठाऊकच नसे. त्याला ठाऊक असे एक रोमन चिन्ह, आणि फाँट त्या चिन्हाला देवनागरी तुकड्याचा चेहरा देई. फाँट काढून घेतला की चेहरा गेला. शिवाय प्रत्येक संचाचा संकेत वेगळा. आणि आमच्या दुर्दैवाने, गुरुजींच्या फाँटची फाइल नेमकी त्या वाचता न येणाऱ्या सेक्टरांत होती.

इथे प्रिन्सेप यांची युक्ती कामी आली. सांचीच्या कठड्यांवर पुष्कळ छोटे छोटे लेख आहेत. बहुतेकांचा शेवट त्याच अक्षरांनी होतो, हे प्रिन्सेप यांच्या लक्षात आले. इतक्या ठिकाणी, इतक्या थोडक्या शब्दांत, एकच शेवट कशाचा असेल? देणगीचा. त्यांनी तेथे ‘दानं’ असे वाचले आणि ब्राह्मीचे कुलूप निघाले. जुन्नरच्या लेण्यांतून फिरताना याची प्रचिती येते. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी मिळून इथे दोनशेहून अधिक लेणी आहेत, आणि त्यांतले दाते, यवनसुद्धा, आपल्या देणगीची नोंद ‘देयधम’ अशाच ठरीव शब्दाने करतात. जे वारंवार येते ते आधी वाचावे, हा उकलीचा पहिला धडा.

मी फाइलींतल्या चिन्हांची मोजणी केली. सर्वांत जास्त येणारे चिन्ह काना असणार, हे उघड होते. या जातीच्या फाँटांत ‘त’, ‘म’, ‘ग’ यांसारखी अक्षरेही अर्धे अक्षर आणि उभा दंड अशा दोन तुकड्यांत लिहितात, आणि दंड म्हणजेच काना. मग वाक्यांचे शेवट पाहिले. पाच चिन्हांचा एक गट पूर्णविरामाच्या आधी पुन्हा पुन्हा येत होता. आठवणींचा मजकूर आहे, तेव्हा तो ‘होते’ असावा, असे धरून पाहिले. बसेना. ‘होते’मध्ये दंड दोनदा यायला हवा, एकदा ‘हो’ला आणि एकदा ‘त’ला, या गटात तो एकदाच होता, चौथ्या जागी. ‘आहे’ तर मुळीच जुळत नव्हते.

कोडे सुटले ते या गटाच्या भावंडांवरून. पहिली चार चिन्हे तीच आणि शेवटचे तेवढे बदलते, असे आणखी दोन गट सापडले. एकात शेवटी आणखी एक दंड होता. दुसऱ्यात एक निराळे चिन्ह. शेवट बदलणारे तिघे म्हणजे पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग. दंड म्हणजे काना, तर तो पुल्लिंगी; निराळे चिन्ह दुसरी वेलांटी; आणि आमच्या मूळ गटाच्या शेवटी अनुस्वार. मधला अर्धा ‘त’ आणि दंड आपोआप ठरले. पहिल्या दोन चिन्हांत एक अर्धे अक्षर आणि एक पूर्ण. गुरुजींच्या कन्येला मी हे सांगत होतो, तोच त्या म्हणाल्या, की ते प्रमाण भाषेत लिहीतच नसत. माणूस बोलेल तसे उतरवत.

व्हता, व्हती, व्हतं.

शब्दशः बोलीत लिहिलेले होते सगळे. वाडा व्हता, विहीर व्हती, खळं व्हतं. बुडालेल्या गावाविषयी सांगणाऱ्या माणसांचे प्रत्येक दुसरे वाक्य याच शब्दावर संपावे, यात नवल काही नाही. पण गुरुजींनी छापील मराठीच्या मोहाने ते ‘होते’ केले असते, तर उकल बहुधा लवकर झाली असती आणि त्या माणसांचा आवाज मात्र कायमचा गेला असता. एक शब्द सुटला आणि व, ह, त, काना, दुसरी वेलांटी, अनुस्वार हाती आले. पुढचे काम फाइलींच्या रोमन नावांनी केले. ‘डिंभे’ या नावाच्या फाइलीत ‘डिंभे’ हा शब्द असणारच. तो सापडला आणि त्यातून हेही कळले, की पहिली वेलांटी ‘ड’च्या आधी टाइप केलेली आहे, टाइपरायटरवर करतात तशी. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. रफाराचेही तसेच, तो कागदावर दिसतो तिथे नोंदलेला होता, उच्चार होतो तिथे नव्हे. त्यामुळे नुसते चिन्हाला चिन्ह बदलून भागत नाही. जागाही बदलाव्या लागतात. ‘आंबेगाव’, ‘घोडेगाव’, ‘हिरडा’ अशा खात्रीच्या शब्दांवर प्रत्येक नवे अक्षर तपासत सगळा तक्ता भरायला तीन महिने लागले.

किल्ली कुठे ठेवावी

या कामात हाती काय लागले, ते थोडक्यात सांगतो. वावरांच्या नावांची एक मोठी यादी आहे, आणि ती वावरे पाण्याखाली असल्याने दुसरीकडे ती पाहून ताडता येणार नाही. हिरडा गोळा करणाऱ्या बायांनी सांगितलेली मापे आहेत. देवळांच्या मानपानाची उतरंड आहे. आणि काही ठिकाणी फाइलीचे नाव आहे, मजकूर नाही. ती नावेही मी यादीत ठेवली आहेत. तिथे काही होते, ही नोंदसुद्धा इतिहासाला लागते.

आपल्याकडच्या मौखिक परंपरेचे १९९० च्या दशकातले पुष्कळ काम अशाच यंत्रांत शिरले. पुण्यातून हेमा राईरकर आणि गी प्वातवॅं यांनी गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर जाते. बर्नार्ड बेल यांनी त्या संग्रहाला संगणकीय सूचीची आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रणाची जोड दिली. २०१७ पासून ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहालयातून तो लोकांसमोर येतो आहे. तो टिकला याचे एक कारण म्हणजे त्याच्यामागे माणसे सलग उभी राहिली. एकट्या शिक्षकाने, एका तालुक्यात, स्वतःच्या पैशाने केलेल्या कामामागे असे कुणी नसते. त्या कामाची किल्ली त्याच्या डोक्यात असते किंवा तीन व्होल्टच्या सेलवर असते.

यावर उपाय फार लांब शोधायला नको. जुन्नर तालुक्यातच, खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिथल्या निरीक्षणांची नोंद अभ्यासकांच्या हाती येते ती बहुधा ‘फिट्स’ या स्वरूपात. १९८१ पासून जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी धरलेला हा रिवाज. त्यात प्रत्येक फाइलीच्या आरंभी साध्या अक्षरांत, ८०-८० अक्षरांच्या ओळींत, लिहिलेले असते की पुढचे आकडे कशाचे आहेत, किती आहेत, कोणत्या मापात आहेत. नवी आवृत्ती आली तरी जुनी फाइल वाचता आलीच पाहिजे, हा त्यांचा दंडक आहे. आकड्यांच्या शेजारी आकड्यांची किल्ली ठेवायची. गुरुजींच्या डिस्कच्या त्या पहिल्या सेक्टरनेही नकळत तेच केले होते.

ज्यांच्या घरी १९९० च्या दशकातले असे यंत्र पडून आहे, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. ‘चालू होत नाही’ म्हणून ते भंगारात देऊ नका, आणि घाईने सुरू करून कुणाला फॉरमॅटही करू देऊ नका. डिस्कवरच्या चिठ्ठीचा फोटो काढा. यंत्र अजून चालत असेल तर बायोसच्या पानावरचे आकडे कागदावर उतरवून खोक्याच्या आत चिकटवा. मराठी मजकूर कोणत्या संचात टाइप केला, फाँटचे नाव काय, हे त्याच कागदावर लिहा. आणि त्या मजकुराचे एखादे छापील पान सापडले, तर ते जिवापाड जपा. मला असे एक पान मिळाले असते, तर तीन महिन्यांचे काम एका संध्याकाळी झाले असते.

गुरुजींचा मजकूर आता युनिकोडमध्ये आहे, आणि कागदावरही. त्याच्या पाच प्रती काढल्या. एक त्यांच्या घरी आहे, बाकीच्या त्या चार कुटुंबांकडे, ज्यांच्या आठवणी त्यात सर्वांत जास्त आहेत. बोली जशीच्या तशी ठेवली आहे, एकही ‘व्हतं’ सुधारलेले नाही. प्रत्येक प्रतीच्या पहिल्या पानावर, अनुक्रमणिकेच्याही आधी, दोन गोष्टी छापल्या आहेत: ५२४, ३२, ६३ हे तीन आकडे, आणि कोणत्या रोमन चिन्हाचे कोणते मराठी अक्षर होते, त्याचा तक्ता.